आईच्या पाटल्या आणि चाळीस दिवस

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्रलेखक 47 वर्षांचे आहेत, नाशिकमध्ये राहतात आणि सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) लेंटचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासाचे चाळीस दिवस ते लहानपणापासून पाळतात. मटण, मासे, अंडी बंद, गेल्या तीन वर्षांपासून चहाही बंद. हे तीन वर्षांचं गणित त्यांनीच पत्रात उलगडलं आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांची आई वारली. शेवटच्या आजारात तिने चार तोळ्यांच्या दोन पाटल्या यांच्या हातात दिल्या आणि सांगितलं, "या ताईला दे." ताई म्हणजे थोरली बहीण. तिचे यजमान नाहीत, ती अहिल्यानगर जिल्ह्यात एका गावी असते. त्याच सुमारास फ्लॅटचे हप्ते थकले होते. यांनी पाटल्या विकल्या आणि ताईला सांगितलं की, आईच्या दवाखान्याला लागल्या. दवाखान्याचं बिल खरं तर कंपनीच्या विम्यातून भागलं होतं. नाताळात ताई आली, करंज्यांचा डबा उघडता उघडता म्हणाली, "आईचं सोनं आईच्याच दुखण्याला लागलं, बरं झालं." तेव्हापासून यांना झोप नाही.

बायकोला सगळं ठाऊक आहे. ती म्हणते, "तुम्ही देवाजवळ कबूल केलंत, देवाने क्षमा केली, विषय संपला. ताई सुखात आहेत, त्यांना कशाला ढवळायचं? भाचीचं लग्न मे महिन्यात आहे, तेव्हा मामा म्हणून सोनं घाला." मंडळीतला, म्हणजे चर्चमधला एक मित्र म्हणतो की, लेंट शास्त्रात, म्हणजे बायबलात नाहीच, उगाच जिवाला त्रास करून घेऊ नको. धाकटी मुलगी मागच्या वर्षी बोलून गेली, "पप्पा, तुमचे उपास संपले की घरात बरं वाटतं." यांना मधुमेह आहे, रोज गोळी चालू आहे. प्रश्न असा: "यंदा चाळीसही दिवस एकवेळच जेवायचं ठरवलं आहे. एवढं केलं तर मनावरचं ओझं उतरेल का?"

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. उपासाबद्दलचा प्रश्न शेवटच्या चार ओळींत आहे. त्याआधीची दोन पानं पाटल्यांची आहेत: त्यांच्यावरची नक्षी, आईच्या मनगटावर त्या किती सैल झाल्या होत्या, सराफाची पावती अजून पाकिटाच्या कोणत्या कप्प्यात आहे ते. म्हणजे तुम्हाला खरं काय विचारायचं आहे ते तुमच्या हाताला ठाऊक होतं. मीही त्याच क्रमाने जाणार आहे. फक्त एक गोष्ट आधी सांगते, कारण ती थांबू शकत नाही.

चाळीस दिवस एकवेळ जेवण हे तुम्ही करायचं नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की, गोळी पोटात गेली आणि जेवण चुकलं की रक्तातली साखर धाडकन खाली येते. दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. कंपनीच्या बसमध्ये किंवा मशीनपुढे असताना हे झालं तर काय होईल, तुम्हीच विचार करा. तुमची गोळी कोणती, तुम्हाला किती वेळ उपाशी राहता येईल, हे डॉक्टरांना विचारा आणि ते सांगतील तेवढंच करा. यात देवाला कमी दिल्यासारखं काही नाही. कॅथलिक मंडळीचा लेखी नियम पाहा. पूर्ण उपास वर्षातून फक्त दोन दिवसांचा, राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला. तोही 18 ते 59 वयाच्या माणसांना, आणि त्यातही एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं चालतं. आजारी माणसाला तेवढंही बंधन नाही. ज्यांनी नियम केला त्यांनी आजाऱ्यांचा विचार केला होता. तुम्ही स्वतःचा केलेला नाही, आणि का केला नाही हा मला पुढचा प्रश्न वाटतो.

मला असं दिसतं की, तुम्ही उपासाने काहीतरी फेडू बघताय. पहिल्या वर्षी चहा सोडलात, ओझं हललं नाही. दुसऱ्या वर्षी आणखी कडक केलंत, तरी नाही. आता हप्ता वाढवायचा म्हणताय. पण भाऊ, हप्ता चुकीच्या खात्यात भरला जातोय. वर्षानुवर्षं भरलात तरी ज्याचं देणं आहे त्याच्यापर्यंत तो पोचणार नाही.

यात तुमचा एकट्याचा दोष नाही, आपला शब्दच थोडा फसवतो. आपण 'पश्चात्ताप' म्हणतो: पश्चात् ताप, मागाहून होणारी आग. शब्द सुंदर आहे आणि खराही आहे, केलेलं आठवलं की आतून भाजतंच. पण त्यामुळे आपल्याला वाटायला लागतं की, भाजून घेणं म्हणजेच पश्चात्ताप, जितकं जास्त भाजेल तितका तो खरा. जुन्या करारातले संदेष्टे यासाठी जो हिब्रू शब्द वापरतात तो 'शूव', म्हणजे वळणे, परत फिरणे. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेतानोइया', म्हणजे मन बदलणे, विचाराची दिशा पालटणे. दोन्हींत आगीचा उल्लेख नाही. योएल संदेष्टा म्हणतो, कपडे नव्हे तर हृदय फाडा आणि परमेश्वराकडे वळा. तुम्ही तीन वर्षं जळताय. वळायचं मात्र राहून गेलंय.

येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट तुम्ही संडे स्कूलपासून ऐकलीये. ती या अंगाने पुन्हा वाचून बघा. त्याने तीनदा प्रभूला नाकारलं, कोंबडा आरवला, तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला. आपण तिथे थांबतो आणि म्हणतो, बघा, हा पश्चात्ताप. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तोच पेत्र नावेत आहे, किनाऱ्यावर प्रभू उभा आहे हे कळतं, आणि नाव काठाला लागेपर्यंत त्याला दम धरवत नाही. अंगरखा आवळून तो पाण्यात उडी घेतो आणि ज्याला नाकारलं त्याच्याकडेच जातो. तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला असतो. नाकारलं तेव्हाही तो कोळशाच्या विस्तवापाशीच उभा होता. तो रडला हे खरंच, पण त्याचं आयुष्य पालटलं ते त्या माणसासमोर पुन्हा जाऊन उभं राहिल्यावर.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. 'लेंट' हा शब्द शास्त्रात नाही, बरोबर आहे. मूळ इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता वसंत ऋतू. आपल्याकडे थंडी सरून द्राक्षांची तोड जोरात असते तेच हे दिवस. पण ख्रिस्ताचे रानातले चाळीस दिवस शास्त्रात आहेत, आणि 325 साली भरलेल्या निकिया परिषदेच्या नियमांत ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे. त्या काळी हे दिवस मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांचे असत. एक, ज्यांचा ईस्टरला बाप्तिस्मा व्हायचा ते. दुसरे, ज्यांच्या हातून मोठं पाप घडून मंडळीशी नातं तुटलं होतं ते. अशा लोकांना ईस्टरच्या तोंडावर पुन्हा आत घेतलं जाई. म्हणजे हा काळ मुळात परत येणाऱ्यांचा. राख सगळ्यांच्याच कपाळी लावायची रीत बरीच नंतरची, अकराव्या शतकाच्या अखेरीस ती रूढ होत गेली. आणि ती राख कशाची असते? मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी हातात धरून आपण होसान्ना म्हटलं, त्याच झावळ्या वाळवून, जाळून केलेली.

मित्राच्या बोलण्यामागेही एक परंपरा आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. 1522 साली झुरिकमध्ये एका छापखान्यात लेंटच्या दिवसांत मुद्दाम सॉसेज कापून खाल्ले गेले. उपासाची सक्ती शास्त्रात नाही, हे सांगण्यासाठी. स्वित्झर्लंडमधली धर्मसुधारणा तिथून पेटली. आपल्याकडेही नाशिकच्या शरणपुरात 1854 पासून चर्च मिशनरी सोसायटीची, म्हणजे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) वळणाची वस्ती, त्यामुळे लेंट आलं. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत त्याचं तेवढं महत्त्व नव्हतं. 1970 साली या मंडळ्या उत्तर भारताच्या चर्चमध्ये एक झाल्या, आणि आता एकाच बाकावर उपास करणारा आणि न करणारा शेजारी शेजारी बसतो. बसू दे. पण ज्या लूथरच्या नावाने आपण उपास सोडतो, त्याच्या 1517 च्या पंचाण्णव प्रबंधांतलं पहिलंच वाक्य आहे की, विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं, अशी ख्रिस्ताची इच्छा होती. चाळीस दिवस नको म्हणणाऱ्याने उरलेले दिवसही त्यात धरलेत, एवढंच मित्राला सांगा. वाद घालू नका.

आता तुमच्या घरात या. वहिनींचं म्हणणं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय, त्यात राग नाही, हे मला आवडलं. त्यांची अर्धी गोष्ट पूर्णपणे खरी आहे: देवाची क्षमा उपासाने विकत मिळत नाही. आपल्या शास्त्रात 'प्रायश्चित्त' हा शब्द ख्रिस्ताच्या बलिदानासाठी आलाय, तुमच्या सोडलेल्या चहासाठी नव्हे. पण 'देवाने क्षमा केली, विषय संपला' यात एक उडी आहे. सोनं देवाचं नव्हतं, ताईचं होतं. शेजाऱ्याची गाय आपण बांधून ठेवायची आणि देवाजवळ डोळे मिटून माफी मागायची, तर डोळे उघडल्यावर गाय गोठ्यातच असते.

मोशेच्या नियमशास्त्रात, गणनाच्या पाचव्या अध्यायात, हे अगदी व्यवहाराच्या भाषेत सांगितलंय. एखाद्याने दुसऱ्याचं नुकसान केलं तर आधी कबूल करायचं, मग जेवढं घेतलं तेवढं पूर्ण भरून द्यायचं, त्यावर पाचवा हिस्सा घालायचा, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात द्यायचं. नव्या करारातला जकातदार जक्कय तर लुबाडलेल्याच्या चौपट देतो म्हणाला, आणि आज या घराला तारण प्राप्त झालं आहे हे प्रभूचे शब्द त्याच्या त्या बोलण्यानंतर येतात. कॅथलिक घरांत फादरजवळ पापकबुली करतात, तिथेही शिकवण हीच: पापाची क्षमा मिळते, पण चोरलेली वस्तू परत करायची राहते. आणि आपल्या जुन्या उपासना-पुस्तकात प्रभुभोजनाला बोलावताना तीन अटी एका दमात म्हटल्या जातात: खरा पश्चात्ताप, शेजाऱ्याशी प्रीतीने असणं, आणि नवं आयुष्य जगायचा निश्चय. दरवेळी तुम्ही ते ऐकत असाल. मधल्या अटीशी तुमचा पाय अडखळत असेल, असं पत्रावरून वाटलं.

भाचीच्या लग्नात मामा म्हणून सोनं घालण्याचा मार्ग मी बराच वेळ मनात घोळवला, कारण तो वरवर फार सोयीचा आहे. सोनं जाईल, कोणी दुखावणार नाही, बोभाटा नाही. पण मांडवातलं दृश्य डोळ्यांपुढे आणा. तुम्ही पाटल्या घालताय, चार लोक कौतुक करताहेत, आणि ताई भरल्या डोळ्यांनी म्हणतेय, "यजमान गेल्यापासून भाऊच माझा आधार." तिचंच सोनं, आणि तिच्यावरच उपकार. तिला तुमचे आभार मानावे लागतील, जन्मभर. पहिल्या खोट्यावर हे दुसरं खोटं चढेल, आणि ते अधिक चकचकीत असेल. तसं करू नका.

शिवाय एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे, पण तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही ताईच्या फक्त चार तोळ्यांच्या पाटल्या नाही ठेवून घेतल्या. आई जाताना म्हणाली होती, "या ताईला दे." हे वाक्य तुम्ही ठेवून घेतलंत. ताईला वाटतंय, आईचं सोनं दवाखान्यात गेलं. आईने शेवटी आपली आठवण काढली, आपल्या हातात काय असावं याचा विचार केला, हे तिला तीन वर्षं माहीतच नाही. सासरी नवऱ्याविना राहणाऱ्या लेकीला हे वाक्य चार तोळ्यांहून जड असेल. वहिनी म्हणतात, ताई सुखात आहेत. असतील. पण या सुखात तिच्या आईचा शेवटचा निरोप नाही. तो सोन्याशिवायही देता येतो, आणि तो तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही, कारण ऐकणारे तुम्ही एकटेच होता.

माझ्या आजीची एक गोष्ट सांगते. आम्ही शरणपूर रस्त्याच्या बाजूला राहायचो. राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी आजी फडताळ रिकामं करायची आणि दुसऱ्यांची भांडी वेगळी काढायची. कुणाची चाळण, कुणाचा पितळी डबा, कधी नाताळात आणलेला सोऱ्या. प्रत्येक भांड्यात मूठभर गूळ-शेंगदाणे घालून आम्हा पोरांना घरोघर पिटाळायची, कारण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. एका वर्षी तळाशी एक फुलपात्र निघालं. काठाखाली बारीक टिपक्यांनी नाव कोरलेलं, ज्या बाईंशी आजीचं तीन वर्षं बोलणं बंद होतं त्यांचं. आजीने ते फुलपात्र चिंचेने घासलं, पुसलं, पुन्हा घासलं. आम्हाला दिलं नाही. स्वतः पदर सावरून गेली, मी मागोमाग. बाईंनी दार अर्धं उघडलं, फुलपात्र घेतलं, गूळ-शेंगदाण्यांकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. या-बसा काही नाही. मला फार राग आला. आजी मात्र परत येताना चालीत हलकी झाली होती. "त्यांचं होतं, त्यांच्याकडे गेलं," एवढंच म्हणाली. त्या बाई पुढेही फारशा बोलल्या नाहीत.

हे मी मुद्दाम सांगतेय. तुम्हाला वाटत असेल की ताईला सांगितलं की ती रडेल, तुम्ही रडाल, ती जवळ घेईल आणि ओझं उतरेल. होईलही. पण ताई चिडूही शकते. म्हणेल, "माझ्या तोंडावर तीन वर्षं खोटं बोललास?" चुलत्यांना सांगेल, मंडळीत बातमी जाईल, वहिनींना महिला मंडळात खाली बघावं लागेल. वहिनींच्या बोलण्यामागे ही भीतीही असणार, आणि ती खोटी नाही. ताईने माफ केलं तरच सांगण्यात अर्थ, असं धरून चाललात तर तुम्ही पुन्हा काहीतरी घ्यायलाच तिच्याकडे जाल. तुम्ही द्यायला जा.

म्हणून काही गोष्टी सुचवते, जशा मला सुचल्या तशा.

आधी वहिनींशी बसा, पासबुक पुढे घेऊन. पैसा दोघांच्या संसारातून जाणार आहे, त्यांना अंधारात ठेवून हे केलंत तर एक खोटं मिटवताना दुसरं उभं राहील. त्यांच्या मनाविरुद्ध लगेच निघू नका, पण त्यांच्या होकारासाठी वर्ष घालवूही नका.

मग पाकिटातली ती पावती काढा. तीवर वजन लिहिलेलं असेल. परत करायचं ते वजन, तेव्हा हातात आलेले रुपये नव्हे. तीन वर्षांत सोनं कुठल्या कुठे गेलंय, त्या वेळच्या भावाने पैसे दिलेत तर ताईच्या हातात त्यात दोन पाटल्या येणार नाहीत. पाचवा हिस्सा वर घालायला जमला तर घाला. आजीच्या गूळ-शेंगदाण्यांसारखा तो समजा. सगळं एकदम जमणार नसेल तर एक पाटली आता आणि दुसरी अमुक महिन्यात, असं कागदावर लिहून, सही करून ताईच्या हातात द्या. कारखान्यातल्या पतपेढीचं कर्ज निघतं का, ते बघा. लग्न मे महिन्यात आहे, निदान पहिली त्याआधी पोचावी.

ताईकडे स्वतः जा. फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. उत्तम शुक्रवारी किंवा ईस्टरच्या दिवशी नको. तो दिवस तिला शांतपणे उपासनेचा मिळू द्या. भाची घरात नसेल अशी वेळ निवडा. आणि बोलणं तीन वाक्यांत करा: "ताई, आईने तिच्या पाटल्या तुला द्यायला सांगितल्या होत्या. दवाखान्याचं बिल विम्यातून भागलं होतं. पाटल्या मी विकल्या आणि तुझ्याशी खोटं बोललो." यापुढे 'पण' नको. हप्ते थकले होते हे खरं आहे, तिने विचारलं तर सांगा, आपणहून नको. "मला माफ कर, नाहीतर मला झोप लागत नाही" असंही नको. तुमच्या झोपेची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. तिने तुमची समजूत काढत बसावं अशी वेळ आणू नका. ती गप्प बसली तर तुम्हीही गप्प बसा. ती जा म्हणाली तर उठा, सोनं किंवा कागद ठेवून या.

आणि रविवारी उभं राहून मंडळीपुढे याची साक्ष देऊ नका. ही गोष्ट आता ताईचीही आहे, कुणाला सांगायची ते तिने ठरवावं. मन फारच भरून आलं तर पाळकसाहेबांजवळ एकांतात बोला.

हे वाचणाऱ्यांत तुमच्यासारखे आणखी असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. ज्याचं घेतलं तो माणूसच आता हयात नसेल तर त्याच्या वारसाकडे जा; कोणीच नसेल तर देवाच्या कामाला द्या, गणनाच्या त्याच अध्यायात ही सोयही सांगितली आहे. खरं सांगितल्याने तिसऱ्याच माणसाचं, एखाद्या लेकराचं आयुष्य उद्ध्वस्त होणार असेल, तर आधी पाळकांशी किंवा जाणत्या माणसाशी बोला, एकट्याने धडक मारू नका. आणि ज्यांच्यावर अन्याय झालाय, ज्या घरात मार खाऊन बाहेर पडल्यात, त्या बहिणींना मी कळकळीने सांगते: समेटाच्या नावाखाली लेंटमध्ये परत त्या घरी जाण्याची तुमच्यावर कसलीही सक्ती नाही. वळायचं आहे ते ज्याने मारलं त्याने.

आता उपासाबद्दल. उपास सोडा असं मी म्हणत नाही. चाळीस दिवस जिभेला आवर घातला की, आपण किती गोष्टींना बांधलेलो आहोत ते कळतं, मी स्वतः तो अनुभव घेतलाय. पण यशया संदेष्ट्याचा 58 वा अध्याय एकदा सावकाश वाचा. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला, तुला दिसलं कसं नाही? देव म्हणतो, उपासाच्या दिवशी तुम्ही भांडता, हाणामारी करता. मला हवा तो उपास म्हणजे जुवाच्या दोऱ्या सोडणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं. तुमची मुलगी जे बोलून गेली ते यशयाचंच बोलणं आहे, फक्त घरातल्या भाषेत. चहा सुटल्यामुळे दुपारी तुमचं डोकं दुखतं आणि संध्याकाळी ते तिच्या गृहपाठाच्या वहीवर निघतं, हे तुम्हीच लिहिलंय. मग यंदा चहा चालू ठेवा आणि ओरडणं सोडा. मटण सोडायचं असेल तर सोडा, वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात टाका. पण तो डबा गरिबासाठी ठेवा, ताईच्या पाटल्यांसाठी नव्हे. दान आपल्या ताटातून होतं. पाटल्या तुमच्या ताटातल्या नव्हत्याच, ते देणं आहे, दानात मोजू नका.

कारखान्यातले मित्र रविवारी मिसळ खायला बोलावतात आणि तुम्ही उपास सांगून टाळता, असंही एक वाक्य आहे. जा की! रविवार चाळिसात धरतच नाहीत. यंदा, म्हणजे 2026 साली, राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आहे, ईस्टर 5 एप्रिलला. मधले दिवस मोजलेत तर 46 भरतील, त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस. रविवार पुनरुत्थानाचा, लेंटमध्येसुद्धा. आणि प्रभूने डोंगरावर सांगितलंय की, उपास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, म्हणजे लोकांना कळणार नाही. यंदा रमजानही त्याच आठवड्यात सुरू होतोय, तुमच्या खात्यातले रोजा धरणारे मित्र तुम्हाला विचारतील, "तुमचाही रोजा का?" हो म्हणा आणि त्यांना दुपारची शिफ्ट जड जात असेल तर थोडा हात लावा.

पहिला आठवडा वहिनींशी बोलण्यात जाईल, दुसरा पैशांच्या जुळवाजुळवीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रजा टाका. सकाळची गोळी आणि नाश्ता घेऊन निघा, सिन्नर ओलांडेपर्यंत परत फिरावंसं वाटेल, फिरू नका. जाताना द्राक्षं न्यायची तर न्या, दरवर्षी नेता तशीच. पोचल्यावर ताई नेहमीप्रमाणे आधी चुलीकडे वळेल. तिला थांबवा, बसवा, आधी ती तीन वाक्यं बोला. आणि त्यानंतर तिने चहा ठेवलाच, तर लेंट आहे म्हणून नको म्हणू नका.